श्वास घेणारी जमीन : एडवर्ड फ्रँकलंड आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण

शाळेतल्या रसायनशास्त्रात ‘संयुजा’ हा शब्द प्रत्येकाने घोकलेला असतो. कार्बनची चार, ऑक्सिजनची दोन, हायड्रोजनची एक. मूलद्रव्याचा अणू ठरावीक संख्येनेच दुसऱ्या अणूंशी जोडला जातो, ही कल्पना १८५२ मध्ये एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मांडली. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव त्यासाठीच घेतले जाते. पण सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळे आहे. शहराचा मैला आणि कारखान्याचे घाण पाणी नदीत सोडण्याआधी स्वच्छ करता येते, त्यासाठी महागडी औषधे ओतावी लागत नाहीत आणि ते किती स्वच्छ झाले हे आकड्यांत सांगता येते, या तीन गोष्टी त्यांनी प्रयोगाने दाखवून दिल्या. मजेची गोष्ट अशी की, हे शुद्धीकरण नेमके कोण करते ते त्यांना ठाऊक नव्हते. ते पुढच्या पिढीने शोधले आणि त्यात त्यांचा मुलगाही होता.

औषधाच्या दुकानातली उमेदवारी

फ्रँकलंड यांचा जन्म १८ जानेवारी १८२५ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या एका खेड्यात झाला. आई मार्गारेट अविवाहित होती. वडील प्रतिष्ठित घराण्यातले वकील. त्या घराण्याने मायलेकांच्या उपजीविकेची सोय केली, पण वडिलांचे नाव कोठेही येऊ द्यायचे नाही या अटीवर. फ्रँकलंड यांनी हे गुपित आयुष्यभर पाळले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा मुलाला समाजात वर चढणे सोपे नव्हते.

मुलाला डॉक्टर व्हायचे होते, पण त्या शिक्षणाचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून १८४० मध्ये, पंधराव्या वर्षी, लँकेस्टर गावातल्या एका औषधविक्रेत्याकडे त्याला उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दुकान झाडणे, औषधे कुटणे, मलमे घोटणे, गिऱ्हाइकांकडे माल पोहोचवणे यात जवळपास सहा वर्षे गेली. ही वर्षे वाया गेली, असे त्यांना पुढेही वाटत राहिले. त्याच गावातल्या जॉन्सन नावाच्या डॉक्टर पितापुत्रांनी होतकरू मुलांसाठी छोटीशी प्रयोगशाळा उघडून दिली होती. रसायनशास्त्राची गोडी तिथे लागली आणि त्यांच्याच मदतीने १८४५ मध्ये हा तरुण लंडनला लायन प्लेफेअर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

पुढची वाट वेगाने सरली. हॅम्पशायरमधल्या एका शाळेत भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांच्याबरोबर त्यांनी शिकवले, मग दोघेही जर्मनीत मारबुर्गला रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे गेले. १८४९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्यांनी जस्त आणि एथिल यांचे संयुग तयार केले. हवा लागताच पेट घेणारे हे द्रव्य हाताळणे धोक्याचे होते, पण धातू आणि कार्बन यांना जोडणाऱ्या रसायनशास्त्राच्या एका नव्या शाखेचा पाया त्यातून घातला गेला. अशा संयुगांचा अभ्यास करतानाच संयुजेची कल्पना त्यांना सुचली.

मारबुर्गलाच त्यांची सोफी फिक यांच्याशी ओळख झाली आणि १८५१ मध्ये विवाह झाला. सोफी यांचे भाऊ अडॉल्फ फिक हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चांगले परिचयाचे आहे. हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते हे रक्तातल्या प्राणवायूवरून मोजण्याची पद्धत त्यांचीच. या मेव्हण्याच्या कामाला जोड म्हणून फ्रँकलंड यांनी १८६६ मध्ये वेगवेगळे अन्नपदार्थ उपकरणात जाळून त्यांतून किती उष्णता निघते ते मोजले. स्नायूंना लागणारी शक्ती केवळ प्रथिनांच्या ज्वलनातून येते, हा तेव्हाचा समज या आकड्यांपुढे टिकला नाही. एखाद्या वादाचा निकाल लावायचा तर आधी मोजमाप करायचे, ही त्यांची सवय इथे दिसते. पाण्याच्या बाबतीतही त्यांनी हेच केले.

काळ्या नद्यांचा प्रदेश

१८५१ मध्ये फ्रँकलंड मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजचे पहिले रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. मँचेस्टर ही तेव्हा जगातल्या कापडधंद्याची राजधानी होती. सूतगिरण्या, रंगकामाचे आणि छपाईचे कारखाने, चामडे कमावण्याचे कारखाने, साबण आणि रसायनांचे कारखाने, कोळशापासून दिव्याचा गॅस काढणारे कारखाने, सगळे नदीकाठी. नदीतून पाणी घ्यायचे आणि वापरलेले नदीतच सोडायचे. त्यात वाढत्या वस्तीचा मैला. इरवेल, मर्सी आणि त्यांना मिळणारे ओढे ज्या रंगाचे कापड त्या दिवशी रंगवले जाई त्या रंगाचे वाहत. यॉर्कशायरमधल्या कॅल्डर नदीची अवस्था अशी होती की, सरकारी चौकशीत एका गृहस्थाने शाईऐवजी नदीचेच पाणी वापरून लिहिलेले निवेदन दाखल केले. अहवालात त्याची हुबेहूब प्रतिकृती छापली गेली.

१८५७ मध्ये फ्रँकलंड लंडनला सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवू लागले. १८६५ पासून लंडनला पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांच्या पाण्याची दरमहा तपासणी करून सरकारी निबंधकाला अहवाल देण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी लंडनच्या पूर्व भागात पटकीची साथ आली आणि शहरात पाच हजारांहून अधिक माणसे दगावली. संशयाची सुई एका कंपनीच्या न गाळलेल्या पाण्याकडे वळली. पाण्यात रोग असतो ही गोष्ट आता केवळ तर्काची राहिली नव्हती. मात्र पाणी वाईट आहे हे ठरवायचे कसे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दिसायला नितळ पाणीही घातक असू शकत होते.

फ्रँकलंड यांनी आपले शिष्य हेन्री आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर पाण्याच्या पृथक्करणाची नवी पद्धत तयार केली आणि १८६८ मध्ये ती जाहीर केली. पाणी आटवायचे, उरलेला अंश निर्वात नळीत जाळायचा आणि निघालेल्या वायूंवरून पाण्यात सेंद्रिय कार्बन किती, सेंद्रिय नायट्रोजन किती हे काढायचे. पद्धत किचकट होती, कसबी हात लागत. जेम्स वांकलिन या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने त्याच सुमारास सोपी आणि झटपट पद्धत आणली आणि दोघांमध्ये वर्षानुवर्षे जाहीर भांडण चालले. फ्रँकलंड आणखी एक आकडा छापत. पाण्यातल्या नायट्रेटवरून त्या पाण्यात पूर्वी केव्हातरी किती मैला मिसळला होता याचा तो अंदाज असे. मैला कुजून निर्धोक झाला तरी त्याची खूण नायट्रेटच्या रूपाने मागे राहते, हा त्यामागचा विचार. पाणी कंपन्यांना हा आकडा अजिबात आवडला नाही.

नदी आपोआप शुद्ध होते का?

१८६८ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करण्यासाठी नवा शाही आयोग नेमण्यात आला. सदस्य तीनच. अध्यक्ष सर विल्यम डेनिसन, जे त्याआधी मद्रासचे गव्हर्नर होते आणि काही आठवडे भारताचे हंगामी गव्हर्नर जनरलही. दुसरे शेतीविषयक पत्रकार जॉन मॉर्टन आणि तिसरे फ्रँकलंड. १८७० ते १८७४ या काळात आयोगाने सहा अहवाल दिले. त्यातले प्रयोग आणि पृथक्करणे मुख्यतः फ्रँकलंड यांची.

पहिला प्रश्न होता, हा एवढा खटाटोप करायचाच कशाला? वाहते पाणी काही मैल गेले की आपोआप शुद्ध होते, असे तेव्हाचे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. कारखानदारांना हे मत सोयीचे होते. फ्रँकलंड यांनी इरवेल, मर्सी आणि डार्वेन या नद्यांचे पाणी प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या ठिकाणी घेऊन तपासले. काही मैलांच्या अंतरात घाण फारशी घटत नव्हती. प्रयोगशाळेतही त्यांनी मैलामिश्रित पाणी हवेशी पुन्हापुन्हा संपर्कात आणून पाहिले. शुद्धीकरण होत होते, पण अतिशय सावकाश. निष्कर्ष स्पष्ट होता. मैला स्वतःहून नष्ट होऊन जावा एवढी लांब नदी ब्रिटनमध्ये एकही नाही.

यामागचे कारण आज सहज सांगता येते. एक लिटर नदीच्या पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. सेंद्रिय घाण कुजताना हा प्राणवायू खर्च होतो. घाण थोडी असेल तर हवेतून तो भरून निघतो. घाण जास्त असेल तर खर्च जमेच्या पुढे जातो, मासे गुदमरतात आणि प्राणवायूविना चालणारी दुर्गंधीयुक्त कुजण्याची प्रक्रिया सुरू होते. म्हणजे नदी शुद्धीकरण करते हे खरे, पण तिची ऐपत मर्यादित आहे. म्हणूनच हे काम नदीत सोडण्याआधी, वेगळ्या जागी, भरपूर हवा देऊन उरकावे लागते.

त्या काळी बाजारात शुद्धीकरणाच्या पेटंट युक्त्या पुष्कळ होत्या. त्यातली गाजलेली ‘एबीसी’. इंग्रजीतल्या तुरटी, रक्त आणि चिकणमाती या शब्दांची ती आद्याक्षरे. हे मिश्रण सांडपाण्यात घातले की गाळ खाली बसतो, वरचे पाणी नितळ दिसते आणि गाळ खत म्हणून विकून पैसे मिळतात, असा दावा होता. आयोगाने दुसरा संपूर्ण अहवाल या एका पद्धतीवर दिला. पाणी दिसायला नितळ होत होते, पण विरघळलेली सेंद्रिय घाण बरीचशी तशीच राहत होती. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे आणि खरोखर स्वच्छ असणारे पाणी यांतला फरक फ्रँकलंड यांच्या आकड्यांनी उघडा पाडला.

दिवसातून दोनदा, मध्ये विश्रांती

मग उपाय कोणता? फ्रँकलंड यांनी उंच नळकांडी घेतली आणि त्यांत वेगवेगळ्या ठिकाणची माती, वाळू, खडी, दलदलीतली माती भरली. त्यावर लंडनचा मैला ओतायला सुरुवात केली. मैला सतत ओतत राहिले की थर तुंबे आणि खालून घाणच बाहेर येई. खालून वर असा प्रवाह सोडला की मातीत हवाच शिरत नसे आणि शुद्धीकरण जवळजवळ होत नसे. पण ठरावीक प्रमाणात मैला ओतला, तो झिरपून गेला आणि पुढची मात्रा देण्याआधी थराला मोकळे ठेवले, तर खालून येणारे पाणी नितळ, वास नसलेले आणि सेंद्रिय घाण बहुतेक नाहीशी झालेले असे. त्या जागी पाण्यात नायट्रेट दिसू लागत. घाण केवळ गाळून अडकत नव्हती, तिचे रूपच बदलत होते.

या विश्रांतीचे महत्त्व फ्रँकलंड यांनी शरीरशास्त्रातल्या दाखल्याने समजावले. पाणी खाली उतरते तेव्हा जमीन मागोमाग हवा आत ओढून घेते. पुढची मात्रा येते तेव्हा ती वापरलेली हवा बाहेर ढकलली जाते. म्हणजे अशी जमीन एखाद्या प्राण्याच्या फुप्फुसाप्रमाणे श्वासोच्छ्वास करते. सतत पाण्याखाली ठेवलेली जमीन म्हणजे बुडालेला माणूस. उपमा म्हणून सांगितलेली ही गोष्ट किती शब्दशः खरी आहे, याची कल्पना तेव्हा त्यांना नव्हती.

हिशेबही त्यांनी मांडला. सहा फूट खोलीपर्यंत पाण्याचा निचरा होणारी पाच एकर योग्य जमीन असेल, तर दहा हजार वस्तीच्या गावाचा मैला तिच्यावर शुद्ध करता येईल. १८७१ मध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिल या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावी जॉन बेली डेंटन या अभियंत्याने हा सल्ला प्रत्यक्षात आणला. सुमारे वीस एकर जमिनीचे चार भाग केले. प्रत्येक भागाला दिवसातून सहा तास मैला आणि अठरा तास विश्रांती. पद्धत चालली.

कारखान्यांसाठी आयोगाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. नदीत सोडायच्या पाण्यात काय किती असू नये, याची यादीच दिली. एक लाख भाग पाण्यात तरंगणारे सेंद्रिय द्रव्य एक भागाहून आणि खनिज द्रव्य तीन भागांहून जास्त नको. विरघळलेला सेंद्रिय कार्बन दोन भाग किंवा सेंद्रिय नायट्रोजन ०.३ भाग, याच्या पुढे नको. आर्सेनिक ०.०५ भागांच्या आत. आम्ल, अल्कली, क्लोरीन, गंधक, धातू या सगळ्यांना मर्यादा. रंगाची कसोटी तर कोणालाही करता येण्याजोगी होती. पांढऱ्या भांड्यात एक इंच खोल पाणी घ्या, दिवसाच्या उजेडात स्पष्ट रंग दिसला तर ते नदीत सोडायचे नाही.

१८७६ मध्ये ब्रिटनमध्ये नदी प्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला, पण हे आकडे त्यात आले नाहीत. कारखानदारांचा विरोध जबर होता. कारखान्यावर खटला भरायचा तर मध्यवर्ती मंडळाची परवानगी लागे आणि उद्योगप्रधान भागात ती देताना उद्योगाचे मोठे नुकसान होणार नाही ना, हे पाहावे लागे. कायदा झाला आणि नद्या काळ्याच वाहत राहिल्या. कायद्यात मर्यादा आकड्यांत नसली की कशी पळवाट राहते, याचा हा जुना दाखला.

काम करणारे हात सापडले

मातीत नेमके काय घडते, याचे फ्रँकलंड यांनी दिलेले स्पष्टीकरण रासायनिक होते. मातीच्या कणांवर पाणी पातळ पसरते, हवेतला प्राणवायू त्याला भेटतो आणि घाण जळून जाते, असे त्यांना वाटे. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ यांनी असाच वाळूचा थर घेऊन त्यावर मैला सोडला. पहिले वीस दिवस नायट्रेट मुळीच आले नाही, मग येऊ लागले. केवळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. मग त्यांनी थरात क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. शस्त्रक्रियेआधी रोग्याला गुंगी आणण्यासाठी वापरले जाणारे हेच द्रव्य. नायट्रेट बनणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ते आपोआप सुरू झाले नाही, पण थोडी ताजी माती मिसळली तेव्हा पुन्हा सुरू झाले. गुंगी येते आणि मरण येते ते जिवंत वस्तूलाच. मातीतले काम जिवाणू करत होते. जमीन श्वास घेते ही उपमा उरली नव्हती. तिच्यातले कोट्यवधी जीव खरोखरच श्वास घेत होते आणि घाण हे त्यांचे अन्न होते.

फ्रँकलंड यांचा मुलगा पर्सी रसायनशास्त्र शिकून जिवाणूशास्त्राकडे वळला होता. १८८५ पासून तो लंडनच्या पाण्यातले जिवाणू मोजू लागला. वडील कार्बन आणि नायट्रोजन मोजत, मुलगा जीव मोजत होता. १८९० मध्ये पर्सी आणि त्यांच्या पत्नी ग्रेस यांनी नायट्रेट बनवणाऱ्या प्रक्रियेतला जिवाणू वेगळा करून दाखवला. त्याच वर्षी विनोग्राड्स्की यांनीही हेच साधले. हा जिवाणू जिलेटिनच्या नेहमीच्या माध्यमावर वाढतच नसे, म्हणून तो इतकी वर्षे हाती लागला नव्हता. फ्रँकलंड दांपत्याने द्रावण पुन्हापुन्हा विरळ करत जाऊन तो गाठला.

एडवर्ड फ्रँकलंड यांच्या हयातीत हे सगळे घडले. १८९४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले, १८९७ मध्ये ‘सर’ ही पदवी. ९ ऑगस्ट १८९९ रोजी नॉर्वेमध्ये सुट्टीवर असताना त्यांचे निधन झाले. तोपर्यंत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स या गिरण्यांच्या गावात त्यांच्या गाळण पद्धतीवर दहा-बारा वर्षे पद्धतशीर प्रयोग झाले होते आणि इंग्लंडमध्ये मातीऐवजी खडी व कोळशाच्या राखेचे थर वापरून कमी जागेत तेच काम होऊ लागले होते.

जंतुनाशकाचेच अन्न

जिवाणू मैला खातात हे समजले, पण कारखान्याच्या पाण्यात विषारी द्रव्ये असतात. कोळशापासून गॅस काढताना उरणाऱ्या पाण्यात अमोनिया आणि फिनॉल असे. हे फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल, ज्याच्या साहाय्याने जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमांतले जंतू मारून शस्त्रक्रिया सुरक्षित केली. जंतू मारणारे पाणी जंतूंकडून कसे शुद्ध होणार? तरुणपणी वडिलांनी कोळशाच्या गॅसवर पुष्कळ काम केले होते. आता त्या उद्योगाच्या सांडपाण्याकडे मुलगा वळला. पर्सी फ्रँकलंड आणि सिल्व्हेस्टर यांनी १९०७ मध्ये, गॅस कारखान्याचे पाणी मोठ्या प्रमाणात मिसळलेला मैला जिवाणूंच्या थरांवर शुद्ध करण्याविषयीचे काम प्रसिद्ध केले. १९११ मध्ये मँचेस्टरच्या फाउलर, आर्डर्न आणि लॉकेट यांनी काही जिवाणू फिनॉल खाऊन पचवतात हे शुद्ध संवर्धनात दाखवले. अट एकच, मात्रा बेताची हवी आणि जिवाणूंना हळूहळू सवय लागू द्यायला हवी. एकदम मोठी मात्रा आली तर सगळे मरतात. औषधाचे विष होते ते मात्रेमुळे, हे वैद्यकातले जुने तत्त्व इथेही लागू पडते.

१९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरच्या डेव्हीह्युल्म केंद्रात आणखी एक साधी युक्ती केली. बाटलीतल्या मैल्यात हवा फुंकून तो शुद्ध व्हायला सुरुवातीला सुमारे पाच आठवडे लागत. दर वेळी वरचे शुद्ध पाणी काढून खालचा गाळ टाकून न देता त्यांनी तो ठेवला आणि त्यावर नवा मैला ओतला. गाळ साठत गेला तसा वेळ घटत घटत एका दिवसाच्या आत आला. तो गाळ म्हणजे जिवाणूंची तयार फौज होती, दह्याचे विरजण असावे तशी. ‘ॲक्टिव्हेटेड स्लज’ म्हणजे सक्रिय गाळाची ही पद्धत आज जगभर वापरली जाते. ज्या मर्सी खोऱ्याच्या पाहणीपासून फ्रँकलंड यांच्या आयोगाने सुरुवात केली, त्याच खोऱ्यात ती जन्माला आली. त्या प्रयोगांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि हे शास्त्र भारतात रुजवण्यात त्यांचा वाटा राहिला.

आज दुधाची डेअरी असो, कापड रंगवण्याचा कारखाना असो की औषधनिर्मितीचा, त्याच्या आवारातल्या ईटीपीमध्ये म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पायऱ्या त्याच असतात. दिवसभरातले कमी-जास्त पाणी आधी एका टाकीत एकत्र करून त्याचा जोर सारखा करायचा. आम्ल किंवा अल्कली असेल तर ते उदासीन करायचे. नायट्रोजन आणि फॉस्फरस कमी असेल तर पुरवायचा, कारण नुसत्या साखरेवर माणूस जगत नाही तसे जिवाणूही जगत नाहीत. मग हवा फुंकायची, गाळ बसू द्यायचा, त्यातला काही परत पाठवायचा आणि जास्तीचा बाहेर काढायचा. शिसे, क्रोमियम यांसारखे धातू मात्र जिवाणूंना पचत नाहीत. ते नष्ट होत नाहीत, गाळात साचतात किंवा जिवाणूंनाच मारतात. म्हणून ते आधी वेगळे काढावे लागतात.

हे समजले की केंद्र कशाने बंद पडते तेही समजते. वीज वाचवण्यासाठी रात्री हवेचे पंप बंद ठेवले, तर फ्रँकलंड यांच्या पाण्याखाली बुडालेल्या जमिनीसारखी टाकीतली फौज काही तासांत गुदमरू लागते. टाकी धुतलेले आम्ल किंवा बिघडलेला माल एकदम सोडला, तर ती मरते. पंप पुन्हा सुरू केले तरी नवी फौज उभी राहायला दिवस किंवा आठवडे जातात. यंत्राला खटका असतो, जिवंत वस्तूला नसतो. तेवढ्या काळात जाणारे पाणी केंद्रातून गेलेले असले तरी शुद्ध झालेले नसते. खालच्या गावाच्या विहिरीला आणि तिथल्या मुलांच्या पोटाला त्याची झळ बसते.

ब्रिटिश आयोगाचा शेवटचा अहवाल १८७४ चा. भारताचा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा बरोबर शंभर वर्षांनी, १९७४ मध्ये झाला. कारखान्याने संमती घ्यायची आणि ठरवून दिलेल्या मर्यादेतलेच पाणी सोडायचे, हा त्याचा गाभा. नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवी, अशी सर्वसाधारण मर्यादा आपल्याकडे आहे. फ्रँकलंड यांनी मागितला होता तो आकडा आता कायद्यात आहे. तो रोज पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी नमुना घेणारा माणूस हवा, तो प्रामाणिकपणे तपासणारी प्रयोगशाळा हवी आणि निकाल गैरसोयीचा असला तरी जाहीर करणारा अधिकारी हवा. लंडनच्या पाणी कंपन्यांची नाराजी पत्करून फ्रँकलंड दर महिन्याला हेच करत होते, अनेक वर्षे.